वैनगंगेचा अलीकडचा काठ

मे १८९४. पायाखालची वाळू इतकी तापली आहे की चपला घालून आलात हे बरंच केलंत. समोर वैनगंगा आहे, पण उन्हाळ्यातली: अर्ध्या पात्रात पाणी, उरलेल्या अर्ध्यात डांगरवाड्या. काठावर धिवरांनी जाळी वाळत घातली आहेत. मागे तिरोडा, समोरच्या तीरावर वारासिवनीकडचा मुलूख आणि त्याच्याही पलीकडे, इथून न दिसणाऱ्या डोंगरांत, सिवनी.

कुणाला ‘गोंदिया जिल्हा कुठे?’ असं विचारू नका. तो जिल्हा १ मे १९९९ला होणार आहे. आत्ता हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात मोडतो, आणि भंडारा जिल्हा मध्य प्रांतात. गोंदियाला बंगाल-नागपूर रेल्वे येऊन थांबते; उत्तरेला नैनपूरकडे जाणारी छोटी गाडी मात्र अजून यायची आहे. सिवनी गाठायची तर बैलगाडी, नाहीतर तुमचे पाय.

याच महिन्यात लंडनमध्ये मॅकमिलन कंपनी मुलांसाठी एक सचित्र पुस्तक बाजारात आणते आहे. निळं कापडी वेष्टन, त्यावर सोनेरी ठशातली चित्रं. नाव ‘द जंगल बुक’. सात गोष्टी, त्यांतल्या तीन मोगली नावाच्या पोराच्या. तो लांडग्यांत वाढतो ते रान सिवनीच्या डोंगरातलं, आणि ज्या वाघाशी त्याचं वैर आहे तो राहतो वैनगंगेच्या काठी. जाळं सांधत बसलेल्या म्हाताऱ्याला हे सांगून बघा.

“आमच्या नदीवर पुस्तक?” तो मान वर न करता विचारतो. “लिवनारा आलता का जी इकडं?”

नव्हता आला. रुडयार्ड किपलिंगनं सिवनीचं जंगल कधी पाहिलं नाही. म्हातारा पुन्हा सुईकडे वळतो. या पुस्तकावर पुढची सव्वाशे वर्षं जे लिहिलं जाईल, त्यातला एक मोठा मुद्दा त्यानं फुकटात मांडून टाकला आहे.

आता भंडाऱ्याच्या कचेरीत चला. सरकारचं धोरण साधं आहे: वाघ, बिबट, लांडगा, रानकुत्रा, जे जनावर त्रासाचं त्याला मारा आणि इनाम घेऊन जा. व्हरांड्यात कातडी घेऊन बसलेली माणसं बघा. वास नको वाटेल, पण थोडा वेळ थांबा, कारण किपलिंगची गोष्ट नेमकी या व्हरांड्यातून जाते. मोगली म्हशींचा कळप दोन्ही अंगांनी घालून नाल्यात शेरखानला तुडवतो, तेव्हा गावचा शिकारी बलदेव धावत येतो तो कातड्यासाठी. वाघावर शंभर रुपयांचं सरकारी इनाम आहे आणि ते खान्हीवाड्याला साहेबाकडून मिळायचं आहे. (खान्हीवाडा खरा आहे, सिवनी जिल्ह्यात कान्हीवाडा म्हणून आजही सापडेल.) मोगलीला पैसे कळत नाहीत, त्याला फक्त कातडं हवं आहे. लंडनच्या वाचकाला हे परीकथेतल्या खलनायकाचं लोभीपण वाटेल. इथे व्हरांड्यात बसलेल्यांना ती रोजची घासाघीस वाटली असती. आणि एक गोष्ट त्यांना फारच विनोदी वाटली असती: ज्या लांडग्यांना पुस्तकात कायदा, सभा आणि इमान आहे, त्यांच्याही डोक्यावर हेच सरकार इनाम लावून बसलं आहे.

न पाहिलेल्या रानाबद्दल हा माणूस इतकं नेमकं कसं लिहितो, ते बघायला आणखी मागे जाऊ.

मुंबई, १८७०च्या आसपासची पहाट. क्रॉफर्ड मार्केट नवं कोरं आहे. दारावरच्या कमानीत कोरलेली शेतकऱ्या-बाजारकऱ्यांची शिल्पं अजून काळवंडलेली नाहीत. ती घडवणारा जॉन लॉकवुड किपलिंग समोरच्याच जे. जे. कलाशाळेत शिकवतो आणि तिच्याच आवारात राहतो. त्याच आवारात ३० डिसेंबर १८६५ला त्याचा मुलगा जन्मला. गोव्याकडची ख्रिस्ती आया त्या मुलाला आणि त्याच्या बहिणीला फळबाजारात फिरवून आणते. मोठेपणी, आयुष्याच्या शेवटी लिहिलेल्या आत्मचरित्रात, त्याला पहिली आठवण येईल ती याच पहाटेची: खांद्याच्या उंचीवर रचलेल्या फळांचे सोनेरी-जांभळे रंग. तो पोर घरी नोकरमाणसांच्या बोलीत विचार करतो आणि दिवाणखान्यात आईवडिलांसमोर अडखळत इंग्रजीत उलथा करतो. पाच वर्षांचा झाला की त्याला इंग्लंडला परक्यांच्या घरी ठेवलं जाईल. तो आत्ता हाकेच्या अंतरावर आहे, पण बोलू नका. त्याच्या वाट्याची ही शेवटची सुखाची सकाळ असेल.

बापावर मात्र नजर ठेवा. मुंबईची दहा वर्षं संपवून तो लाहोरला जाईल, तिथली कलाशाळा आणि संग्रहालय सांभाळेल, १८९१मध्ये भारतातल्या प्राण्यांवर आणि माणसांवर एक जाडजूड सचित्र पुस्तक लिहील. म्हैस कशी बसते, हत्तीचा माहूत गुडघे कुठे टेकवतो, हे त्यानं हातानं काढून पाहिलं आहे. मुलाच्या पुस्तकात जे बारकावे आहेत त्यातले कितीतरी बापाच्या डोळ्यांतून आले आहेत, असं मला वाटत आलंय. बाकीचं पुस्तकांतून. रॉबर्ट स्टर्नडेल नावाच्या अधिकाऱ्यानं १८७७मध्ये सिवनीच्या शिकारीवर आख्खं पुस्तक लिहिलं होतं. सातपुड्याचा भूगोल किपलिंगनं तिथून उचलला असं अभ्यासक मानतात.

आता अंगावर काहीतरी गरम घ्या. अमेरिका, व्हरमाँट, १८९२चा हिवाळा. ब्रॅटलबरो गावाजवळचं छोटंसं भाड्याचं घर, खिडकीच्या कडेपर्यंत बर्फ. डिसेंबरच्या अखेरीला इथे जोसेफिन नावाची मुलगी जन्मली आहे आणि तिचा सत्तावीस वर्षांचा बाप टेबलाशी बसून वैनगंगेचं कोरडं पात्र लिहितो आहे. तुम्ही नुकतेच ते पात्र तुडवून आलात. वाकून कागद बघायचा मोह होईल. बघा, पण चुका दाखवू नका. तसा तो हट्टी आहे, आणि चुकाही तुम्हाला वाटतात तेवढ्या सापडणार नाहीत.

यातल्या काही गोष्टी आधी ‘सेंट निकोलस’ या अमेरिकन मुलांच्या मासिकात येतात. संपादिका मेरी मेप्स डॉज, चित्रं डब्ल्यू. एच. ड्रेक या अमेरिकन चित्रकाराची. पुस्तक निघताना त्यात तिघांचे हात मिसळतात: ड्रेक, मूळचा फ्रेंच पण अमेरिकेच्या पश्चिमेची रेखाटनं करून नाव कमावलेला पॉल फ्रेंझेनी, आणि लॉकवुड किपलिंग. तिघांपैकी भारतात हयात घालवलेला एकच. पानं उलटताना ते जाणवतं. ड्रेकची जनावरं अंगानं चांगली असतात, फक्त आजूबाजूचं रान कुठलंही असू शकतं. लॉकवुडच्या चित्रातला माणूस जमिनीवर बसतो तो जमिनीवर बसायची सवय असलेल्या माणसासारखा. दीड वर्षानं, १८९५च्या नोव्हेंबरात, दुसरं ‘जंगल बुक’ येईल तेव्हा त्यातली सगळी सजावट एकट्या लॉकवुडची असेल. पहिल्या पुस्तकातल्या चित्रांवरची सगळ्यात कडक समीक्षा घरातच झाली असावी, हा माझा तर्क. पुरावा माझ्याकडे नाही. दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघा इतकंच.

लंडन, जून १८९४. समीक्षकांच्या टेबलांवर निळी पुस्तकं पोचली आहेत. किपलिंग नवखा नाही. अठ्ठाविसाव्या वर्षीच त्याच्याबद्दल प्रत्येकाचं मत पक्कं झालेलं आहे. तरीही बहुतेकांनी हे पुस्तक उचलून धरलं. जनावरं इसापापासून बोलत आली आहेत, पण ती बोलताना माणसाची नीतिकथा सांगतात. इथली जनावरं बोलतात आणि तरी जनावरंच राहतात. त्यांना भूक लागते, म्हातारपण येतं, नेतृत्व गेलं की टोळी अंगावर येते. त्याच वर्षी पुस्तक पुन्हा छापावं लागलं.

एक प्रत मात्र समीक्षकांकडे गेली नाही. ती १६ महिन्यांच्या जोसेफिनकडे गेली. बापानं आत लिहून दिलं होतं की हे तिच्यासाठीच लिहिलं आहे. ती प्रत केंब्रिजशरमधल्या विंपोल हॉलमध्ये, तिच्या धाकट्या बहिणीच्या घरात, एकशे सोळा वर्षांनी, २०१०मध्ये मिळाल्याची बातमी आली. जोसेफिन १८९९च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला न्यूमोनियानं गेली. सहा वर्षांची होती. त्याच डिसेंबरात रॉबर्ट बुकॅनन या कवीनं लेख लिहिला की किपलिंगच्या लेखनातून गुंडांचा आवाज येतो. तो लेख चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या वर्षी तो वाचायला तुम्हाला त्या घरात पाठवणार नाही.

आठ वर्षं सोडून स्टॉकहोमला एक क्षण डोकवा. १९०७, डिसेंबर. राजा ऑस्कर दोनच दिवसांपूर्वी वारल्यानं समारंभ उरकल्यासारखा होतो आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकाला नोबेल मिळायची ही पहिली वेळ, वय एक्केचाळीस. अकादमी ‘जंगल बुक’चं नाव घेते आणि या गोष्टींनी त्याला कितीतरी देशांतल्या मुलांचा लाडका लेखक केलं म्हणते. मधल्या काळात, १९०३मध्ये, मॉरिस आणि एडवर्ड डेटमोल्ड या जुळ्या भावांनी या गोष्टींची सोळा जलरंगचित्रं केली. तेव्हा ते विशीतही जेमतेम पोचले होते. प्राणी त्यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात बघितलेले. तरीही या पुस्तकाची सर्वांत देखणी चित्रं कुणाची म्हणाल तर त्यांचीच. बघून काढलं म्हणजे चांगलं निघतं असा माझा आधीचा सगळा सूर ती मोडून काढतात. मोडू देत.

१९४२मध्ये ऑर्वेल लिहील तेव्हा लंडनवर बॉम्ब पडून गेलेले असतील. मोतिहारीत जन्मलेला, ब्रह्मदेशात पोलिसात राहिलेला हा माणूस किपलिंगला साम्राज्यवादी म्हणतो, नैतिकदृष्ट्या बधिर म्हणतो, आणि तरी त्याला हसणारे विसरले गेले, तो उरला, हेही मान्य करतो. बुकॅननसारखाच त्याचाही रोख मोगलीवर नाही. मोगलीकडे समीक्षक गंभीरपणे वळले ते आणखी पुढे: जंगलात वाढलेला एकच माणसाचा पोर सगळ्या जनावरांचा धनी कसा होतो, त्याच्या नजरेला कुणी नजर का देऊ शकत नाही, ही राज्यकर्त्याची गोष्ट नाही का? प्रश्न रास्त आहे. ज्या पहिल्या कथेत मोगली आला, ‘जंगल बुक’च्याही आधीच्या, त्यात तो मोठा झालेला आहे आणि शेवटी सरकारी जंगलखात्यात पगार-पेन्शनवर लागतो. १८७८च्या जंगल कायद्यानं ज्यांची रानं राखीव झाली त्यांना ही नोकरी दिसली असती तर त्यांनी तिचं वेगळं परीक्षण लिहिलं असतं.

ते लोक पुस्तकातही येतात. दुसऱ्या ‘जंगल बुक’मध्ये रान गावावर चालून येतं, पिकं जातात, आणि घाबरलेले गावकरी जवळच्या गोंडांच्या मुखियाला बोलावून विचारतात, आमचं काय चुकलं? तो काही बोलत नाही. कडू रानकारल्याचा वेल उचलतो आणि देवळाच्या दारावर आडवा-उभा गुंफून निघून जातो. गाव उठलं, असा त्याचा निकाल. इथे किपलिंगला मार्क द्यावेच लागतात. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेकडे माघ पौर्णिमेला देशभरातून येणारी गोंडांची गर्दी तुम्ही पाहिली असेल, तर त्या एका परिच्छेदातलं मौन तुम्हाला लंडनच्या कुठल्याही वाचकापेक्षा जास्त ऐकू येईल.

आणि आता मला जे सांगायचं आहे त्याकडे येतो. याच दुसऱ्या पुस्तकात लाल कुत्र्यांची गोष्ट आहे. रानकुत्र्यांची प्रचंड टोळी सिवनीच्या लांडग्यांवर चालून येते. मोगली झाडावर बसून त्यांना शिव्या देतो, बोटांमधल्या केसांवरून टोमणे मारतो, म्होरक्याचं शेपूट कापतो, मग त्यांना वैनगंगेच्या घळीतल्या मधमाश्यांच्या कड्यावर नेऊन नदीत पाडतो. विलक्षण लिहिलेली गोष्ट आहे. लढाईचं असं वर्णन मुलांच्या पुस्तकात फार कमी सापडेल. पण कुत्रे येतात कुठून? दख्खनमधून. दक्षिणेकडून. म्हणजे समीक्षक लंडनहून वाचोत की न्यूयॉर्कहून, ते नदीच्या पलीकडे, लांडग्यांच्या बाजूला उभे असतात. तुम्ही तिरोड्याच्या वाळूत उभे होतात. नदीची ही बाजू शत्रूच्या वाटेवरची आहे.

एकदा हे दिसलं की गोष्ट वेगळी वाचावी लागते. हे कुत्रे का निघाले, हे किपलिंग एका ओळीपुरतं सांगतो: खाली शिकार उरली नाही. मग त्यावर कुणी थांबत नाही, लेखकही नाही. कळपाला नावं नाहीत, घरं नाहीत, म्हाताऱ्या माद्या नाहीत, लांडग्यांना आहेत. खऱ्या रानकुत्र्यांत टोळीतली मोठी जनावरं दुसऱ्याच्या पिल्लांना अन्न ओकून भरवतात आणि माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत. अशा जनावराला इंग्रज शिकाऱ्यांनी क्रूर म्हटलं, कारण ते हरणं मारतं आणि हरणं शिकाऱ्यांना हवी होती. त्याच्या कातड्यावरचं इनाम १९७२च्या वन्यजीव कायद्यापर्यंत चालू राहिलं. साम्राज्याचा मागमूस शोधणाऱ्या समीक्षेनं मोगलीची नजर तपासली, जंगलाचा कायदा तपासला. भंडाऱ्याच्या कचेरीतली इनामाची वही या गोष्टीत कशी शिरली, ते तपासायला नदीच्या अलीकडे यावं लागतं.

मराठीत ते काम समीक्षेनं नाही, जंगलात नोकरी केलेल्या माणसानं केलं. नवेगावबांधला मारुती चितमपल्ली वनाधिकारी होऊन आले आणि माधवराव पाटील डोंगरवारांच्या संगतीत ते रान शिकले. गोंड, धिवर, गुराखी यांच्याकडून जनावरांची नावं, वागणं, समजुती टिपत राहिले. पुढे त्यातून पक्ष्यांचे, प्राण्यांचे कोश झाले. त्यांनी किपलिंगवर परीक्षण लिहायची गरजच नव्हती. धिवराच्या प्रश्नाला उत्तर देता येईल असा एक लेखक निघाला.

परतीच्या वाटेवर १९९३चा एक रविवार आहे. गोंदियातल्या कुठल्याही गल्लीत सकाळी उभे राहा. दूरदर्शनवर जपान्यांनी केलेली मोगलीची मालिका हिंदीतून चालू आहे आणि घराघरांतून शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरतो आहे. याच वर्षी एडवर्ड सैद यांचं संस्कृती आणि साम्राज्यवादावरचं पुस्तक आलं. त्यात किपलिंगच्या ‘किम’वर मोठं प्रकरण आहे. ते इथे कुणी वाचत नाही. इथली पोरं एवढंच म्हणतात की मोगली आपला आहे, आणि तो सातासमुद्रापार बर्फात लिहिला गेला असं सांगितलं तर ती तुम्हाला वेड्यात काढतील.

आता आजच्या सकाळी या. चोरखमारा फाटकातून नागझिऱ्यात शिरलेली जिप्सी, बांबूच्या वळणावर थांबलेली. मागच्या सीटवर नऊएक वर्षांची मुलगी आहे, तिला शेरखान हवा आहे आणि तो दोन फेऱ्या दिसला नाही. गाईड हात वर करतो. बारीक शिट्टीसारखा आवाज. रस्त्यावर एक, मग चार, मग सात तांबूस जनावरं येतात, झुपकेदार काळं शेपूट, गोल कान. जगात त्यांतली पिल्लं देणारी मोठी जनावरं एक-दोन हजारांच्या आसपास उरली असावीत असा जाणकारांचा अंदाज आहे, आणि त्यांतली सात तुमच्यापासून वीस पावलांवर उभी राहून तुम्हाला बघताहेत.

“रानकुत्रे हाये जी,” गाईड म्हणतो. “भुकत नाही. शिट्टी मारते.”

“हे पुस्तकात आहेत?” मुलगी विचारते.

आहेत, तुम्ही सांगता. ती पुढे सरकून बसते आणि म्हणते, मग सांगा. मोगली झाडावर बसला तिथून सुरू करायची सवय आहे. तुम्ही दख्खनमधून सुरू करता, जिथे एका उन्हाळ्यात हरणं संपली आणि सातजणांना घर सोडावं लागलं.